आखाजीनंतरचा आकडा

एप्रिल 2025 मध्ये देशातल्या पुरुषांचा बेरोजगारी दर 5.2 टक्के होता, मे महिन्यात तो 5.6 झाला. महिनाभरात रोजगार बुडाला, अशी ओरड लगेच सुरू झाली. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला यात फारसं नवल वाटू नये. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की गहू-हरभरा घरात आलेला असतो, पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, जिनिंग बंद पडतात आणि चाळीसगाव-साक्रीकडून ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परत आलेल्या असतात. ऊन असं, की दुपारी वावरात कुणी उभं राहत नाही. पेरणीला पाऊस हवा. म्हणजे मे महिन्यात काम कमी असणं ही दरवर्षीचीच गोष्ट. सरकारी आकड्यातून मात्र ती वजा केलेली नसते, कारण या आकड्यांना हंगामी समायोजन लावलेलं नाही.

'समायोजन नाही, म्हणजे आकडा कच्चा आणि खोटा', हा पहिला गैरसमज. खरं तर नमुना पाहणीत जे आढळलं, त्यावरून काढलेला अंदाज म्हणजे हाच आकडा. समायोजन ही त्यावरची पुढची आकडेमोड असते: दरवर्षी त्या महिन्यात जेवढा चढ-उतार ठरलेलाच, तेवढा बाजूला काढायचा. अमेरिकेत दोन्ही आकडे छापतात. आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची श्रमशक्ती पाहणी 2017 पासून आहे, पण शहर-खेडं मिळून देशाचा मासिक आकडा 2025 पासूनच येतो. हंगामाचा ठसा ओळखायला काही वर्षांची सलग मालिका लागते. शिवाय आपले सण इंग्रजी महिन्यांना जुमानत नाहीत. आखाजी 2024 मध्ये 10 मे रोजी होती, 2025 मध्ये 30 एप्रिलला. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं साल जिथे आखाजीला बदलतं, तिथे ही उडी गणिताला चांगलीच त्रास देते.

तोवर वाचकाने काय करावं? मेची तुलना एप्रिलशी न करता पुढच्या वर्षीच्या मेशी करावी. मागच्या वर्षीशी का नाही, असं कुणी विचारेल. तर मे 2024 चा ग्रामीण आकडा या मालिकेत नाहीच.

दुसरा गैरसमज मला जास्त घातक वाटतो: पुरुषांचा आकडा फारसा हलत नाही, म्हणजे पुरुषांच्या कामाला हंगाम नाही. मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलं, तरी या पाहणीत माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही त्यातच. त्यामुळे मे महिन्यात एक दिवस बांधबंदिस्ती करून उरलेले सहा दिवस पारावर बसलेला पुरुष बेरोजगार ठरत नाही. बाईचं तसं होत नाही. कापूस वेचणी मुख्यतः बायकांच्या हातची; ती संपली आणि बाई घरकामाकडे वळली की ती श्रमशक्तीतूनच बाहेर जाते. एप्रिल ते मे या काळात ग्रामीण पुरुषांचा सहभाग 79.0 वरून 78.3 टक्क्यांवर आला, स्त्रियांचा 38.2 वरून 36.9 वर. पुरुषांची रेघ सपाट दिसते ती थोडीफार व्याख्येमुळे.

समायोजन केलं की दुष्काळही आकड्यातून पुसला जातो, असंही काही जण समजतात. नाही. नेहमीचा उन्हाळा वजा होतो. 1972 सारखं साल त्यात उठूनच दिसेल, कारण ते नेहमीचं नाही. आणि मासिक आकडा फक्त देशाचा असतो. त्यावरून धुळ्याच्या रोजगारावर भाष्य करणाऱ्या बातम्या खुशाल बाजूला ठेवाव्यात.

राहिला 'दोन सरकारी आकडे, दोन्ही वेगळे, म्हणजे एक खोटा' हा आरोप. 2023-24 मध्ये साप्ताहिक हिशेबाने बेरोजगारी 4.9 टक्के होती आणि वार्षिक हिशेबाने 3.2. वार्षिक हिशेबात मागचे 365 दिवस पाहतात आणि तीस दिवसांचं दुय्यम कामही मोजतात. दिवाळीपासून चार महिने जिनिंगवर गाठी उचलणारा आणि उरलेलं वर्ष काम शोधत हिंडणारा गडी या हिशेबात कामावरच असतो. साप्ताहिक पाहणीवाला मे महिन्यात त्याच्या दारी आला आणि त्या आठवड्यात त्याला तासभरही काम मिळालं नसेल, तर तोच बेरोजगार ठरतो.