तराफ्यावरचा बावटा

गुरुजी, तुमच्या वर्गाची भिंत डोळ्यांसमोर आणा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक चित्र आहे, सोळा फूट उंच आणि तेवीस फूट लांब. बऱ्याच शाळांत ते मावणारही नाही.

त्याची हकीकत अशी. जून १८१६ मध्ये फ्रान्सचं ‘मेड्यूझ’ हे आरमारी जहाज आफ्रिकेतल्या सेनेगालकडे निघालं. नवा गव्हर्नर, शिपाई, खलाशी, तिकडे वस्ती करायला निघालेले लोक, अशी सुमारे चारशे माणसं त्यावर होती. कप्तान वीसेक वर्षं दर्यावर गेलेला नव्हता. राजाचा माणूस म्हणून त्याला नेमलेलं. २ जुलैला जहाज वाळूत रुतलं. होड्या अपुऱ्या. गव्हर्नर आणि कप्तान होड्यांत बसले, आणि दीडशेच्या आसपास माणसं फळ्या-डोलकाठ्या बांधून केलेल्या तराफ्यावर चढवली. होड्यांनी तो ओढून न्यायचा ठरलं होतं. थोड्याच वेळात दोर सोडले! तेरा दिवसांनी तराफा सापडला तेव्हा पंधरा जण जिवंत होते.

तेओदोर जेरिको हा चित्रकार तेव्हा सत्ताविशीत होता. वाचलेल्यांना तो भेटला, जहाजाच्या सुताराकडून तराफ्याची लहान प्रतिकृती करून घेतली, आणि १८१९ मध्ये चित्र लोकांपुढे मांडलं.

आता बघा, त्यानं फुटलेलं जहाज काढलंच नाही. तराफा काढला, तोही असा की त्याची कड थेट पाहणाऱ्याच्या पायाशी येते. पुढे मेलेली माणसं, मागे उठू पाहणारी. दूर क्षितिजावर सुटकेचं जहाज आहे, पण मुंगीएवढं. मुलांना शीड दाखवा बरं का! वारा तराफ्याला त्या जहाजापासून उलट दिशेला नेतो आहे. आणि सगळ्यांच्या वर, पाठमोरा, कापडाचा बावटा हलवणारा माणूस आफ्रिकन आहे. फ्रान्सच्या वसाहतींत गुलामगिरी चालू होती, त्या काळात हे काढलेलं!

म्हणूनच देशोधडीला लागलेल्यांचं चित्र काढायचं झालं की कलावंत या तराफ्याकडे वळतात. २०१५ मध्ये फ्रान्सच्या कॅले बंदराजवळ सुदान, सीरिया, अफगाणिस्तानातून आलेले हजारो लोक पालं ठोकून इंग्लंडला जायची वाट बघत होते. बँक्सी या टोपणनावाच्या चित्रकारानं तिथल्या एका भिंतीवर हाच तराफा रंगवला. दूरवर मात्र शिडाच्या जागी आजच्या जमान्याची बोट काढली.