बाईंना सेल नको होते

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोललो तसाच ठेवलाय, सांभाळून घ्या.

मी एका कंपनीच्या सपोर्ट चॅटवर काम करतो. म्हणजे ग्राहकांशी मी बोलत नाही. मेक्सिकोतला ग्राहक स्पॅनिशमध्ये लिहितो, आपल्याकडच्या एजंटला ते इंग्रजीत दिसतं, त्यामधली पाइपलाइन माझी. गेल्या वर्षी एका बाईंचा मेसेज आला: ‘पोंगान्से लास पिलास’. इंग्रजीत उतरलं, ‘पुट ऑन द बॅटरीज’. एजंट बिचारा प्रामाणिक. त्याने कळवलं, मॅडम, या मशीनला सेल लागत नाहीत, ते चार्ज होतं.

बाई अकरा दिवस रिफंडची वाट बघत होत्या. त्या म्हणत होत्या, ‘अहो, जरा हातपाय हलवा!’ त्यांचा पुढचा मेसेज इथे देत नाही.

आता ‘पिलास’ म्हणजे सेलच, शब्द चुकला नव्हता. स्वतःला सेल घालणे म्हणजे आळस झटकून कामाला लागणे. मग इंग्रजीत काय लिहायचं? परीक्षा तोंडावर आली म्हणून आई मुलाला म्हणत असेल तर ‘टाइम टू गेट क्रॅकिंग’. चिडलेला ग्राहक कंपनीला म्हणत असेल तर ‘गेट युवर अ‍ॅक्ट टुगेदर’. स्पॅनिश तेच, पण पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात राग. कोण कोणाला म्हणतंय हे न बघता एकच उत्तर पाठ करून ठेवलं की गंडलंच.

काही वेळा जोडी सरळ जुळते. स्पॅनिशमध्ये चेष्टा करताना केस घेतात (‘तोमार एल पेलो’), इंग्रजीत पाय ओढतात, आपण फिरकी घेतो. विषय संपला.

आपल्याला खरा धोका आपल्याच मराठीचा असतो. ‘नो तेनेर पेलोस एन ला लेंग्वा’, म्हणजे जिभेवर केस नसणे. मी हे पहिल्यांदा वाचलं आणि लगेच डोक्यात आलं, अच्छा, जिभेला हाड नसणे! चूक. आपलं हाड नसणं म्हणजे वाटेल ते बरळणं, ती टीका आहे. जिभेवर केस नसलेला माणूस फक्त स्पष्टवक्ता असतो, आणि हे बऱ्याचदा कौतुकाने म्हणतात. इंग्रजीत ‘डझन्ट मिन्स वर्ड्स’ बरोबर बसतं. माझं भाषांतर गेलं असतं तर एका सरळ माणसाला मी बडबड्या ठरवलं असतं.

आणि मेक्सिकोतलं ‘आओरिता’! डिक्शनरी सांगेल ‘राइट नाऊ’. पण ते आपल्या ‘निघालोच’सारखं आहे, माणूस अजून टॉवेल शोधत असतो. ‘आओरिता फोटो पाठवतो’ याचं ‘राइट नाऊ’ केलं की एजंट दहा मिनिटं थांबून तिकीट बंद करतो. ‘इन अ बिट’ केलं की तो थांबतो. उलट, समोरचा खरंच त्या क्षणी पाठवत असेल तर? म्हणून मागचा संवाद लागतोच.

त्या सेलच्या प्रकरणानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. एकटी ओळ भाषांतराला पाठवणं बंद, तिच्यासोबत आधीचे पाच मेसेज जातात. आणि वाक्प्रचाराचा संशय आला की इंग्रजीखाली मूळ स्पॅनिशही दिसतं. त्यामुळे चॅट थोडं हळू झालंय, त्यावरून मॅनेजरची बोलणी अजून खातोय.

बाईंचा रिफंड दुसऱ्या दिवशी गेला. आमच्या टीमच्या ग्रुपचं नाव तेव्हापासून ‘लास पिलास’ आहे.