पोलिसांना आपणहून सांगायचं का?
अमेरिकेत परवाना घेऊन पिस्तूल बाळगणाऱ्याची गाडी पोलिसांनी थांबवली, तर काय सांगायचं हे राज्यागणिक बदलतं. मिशिगन, अलास्का, नॉर्थ कॅरोलायनात न विचारता सांगणं बंधनकारक. ओहायोतही होतं; जून 2022पासून तिथे विचारलं तरच.

मिनेसोटातही न विचारता सांगण्याची सक्ती नाही. तरी 6 जुलै 2016 रोजी फॅल्कन हाइट्समध्ये फिलांडो कॅस्टिलने 'माझ्याजवळ शस्त्र आहे' असं अदबीने सांगितलं. शाळेच्या कँटीनमध्ये काम करणारा हा कृष्णवर्णीय, 32 वर्षांचा, परवानाधारक. त्याचा हात पिस्तुलाकडे चालला असं वाटून पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. 2017मध्ये ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवलं.

सांगायचंच, तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून आधी परवान्याचा उल्लेख, मग शस्त्र कुठे आहे ते, आणि पोलिसाने सांगितल्याशिवाय हालचाल नाही. पिस्तूल अचानक दिसण्यापेक्षा हे बरंच. मात्र हा सल्ला गोऱ्या चालकाला जितका निर्धास्तपणे पाळता येतो तितका काळ्याला नाही.

टेक्सासची तऱ्हा और. ओळखपत्र मागितलं की शस्त्रपरवानाही दाखवावा लागतो. न दाखवल्याबद्दलची शिक्षा मात्र 2009मध्येच काढून टाकली.