नसलेल्या माशाची साक्ष (लेखांक सातवा)

शोधयंत्र जगभरची पाने कशी गोळा करते आणि त्यांची शब्दवार नोंदवही कशी लावते, हे मागील लेखांकात पाहून झाले. आता त्याहून नाजूक आणि, खरे सांगावयाचे तर, मत्सराच्या अंमळ जवळचा असा प्रश्न हाती घ्यावयाचा आहे. ज्याचा माल आपल्या मालाहून उणा आहे अशी आपली मनोमन खात्री असते, त्या प्रतिस्पर्ध्याचे संकेतस्थळ वर आणि आपले खाली का, ही ती सनातन फिर्याद. मालाची पारख झाली आणि ती चुकली, असे फिर्यादी गृहीत धरून चालतो. परंतु शोधयंत्राच्या कचेरीत माल पाहणारा कोणी बसलेलाच नसतो, तेथे केवळ कागदपत्रे आणि साक्षी यांची छाननी होते.

याचा निर्भेळ दाखला जर्मनीत घडला. हानोव्हर येथील हाइझे प्रकाशनगृहाच्या ‘त्से-टे’ या संगणकविषयक पाक्षिकाने 15 एप्रिल 2005 रोजी एक स्पर्धा पुकारली: ‘होमिंगबेर्गर गेपार्डेनफोरेले’ हे दोन शब्द शोधले असता ज्याचे पान सर्वांत वर येईल, तो विजयी. फोरेले म्हणजे थंड पाण्यातला ट्राउट मासा आणि गेपार्ड म्हणजे चित्ता. तेव्हा होमिंगबेर्ग गावचा चित्तामासा, असा त्याचा अर्थ. गंमत अशी की तो मासाही नाही आणि ते गावही नाही. संपादकांनी दोन्ही कल्पनेतून निर्माण केली होती, कारण पूर्वी कोठेही न उमटलेला शब्द त्यांना हवा होता. निकालाचे दिवस दोन ठरले, 15 मे आणि 15 डिसेंबर; आणि पंच चार, गूगल, याहू, एमएसएन व सीकपोर्ट. पाहता पाहता त्या नसलेल्या माशाची पैदास, त्याचा इतिहास, त्याच्या पाककृती यांचे इतके पीक आले की शोधाची फळे लाखांनी मोजावी लागली.

प्रस्तुत लेखकास या स्पर्धेचे मोल वाटते ते तिच्या विनोदासाठी नव्हे. एरवी दोन दुकानांपैकी एक वर आले, तर त्यात गुणाचा वाटा किती आणि युक्तीचा किती, हे निवडून काढणे दुरापास्त असते. येथे मात्र सर्वांचाच मासा सारखा खोटा, म्हणजे गुणाचा रकाना सरसकट कोरा, आणि तरीही कोणी पहिला आला, कोणी हजारावा. मग जे उरले ते काय? एक तर ते शब्द पानाच्या शीर्षकात आणि मजकुरात किती ठळकपणे आले, आणि दुसरे, त्या पानाकडे बोट दाखविणारे दुवे कोणी व किती दिले.

यांपैकी दुसरी गोष्ट अधिक वजनाची. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी 1998 साली जी पद्धत मांडली, तिचे मर्म आपल्या जुन्या पेढीवरच्या माणसाला चटकन उमगले असते. हुंडीवर सह्या किती, यापेक्षा सही कोणाची, हे सावकार पाहतो. आणि सही करणाऱ्याची पत ती काय, तर त्याच्यासाठी इतर पतवंतांनी केलेल्या सह्या. दुव्याचेही तसेच. शंभर अनोळखी पानांच्या शिफारशींपेक्षा एका विद्यापीठाची वा जुन्या वृत्तपत्राची शिफारस भारी पडू शकते. आज त्यांनी स्थापिलेले गूगल याखेरीज इतरही अनेक लक्षणे तपासते, परंतु हा पाया त्याने सोडलेला नाही.

पहिल्या गोष्टीत भलेभले फसतात, कारण विक्रेता आपल्या भाषेत बोलतो आणि गिऱ्हाईक स्वतःच्या. मर्सिडीज आपल्या वापरलेल्या मोटारींना ‘युंगे श्टेर्ने’, म्हणजे ‘तरुण तारे’, म्हणत असे. नाव मोठे काव्यमय खरे, पण जुनी मोटार घेऊ पाहणारा जर्मन गृहस्थ शोधचौकटीत ‘गेब्राउख्टवागेन’, म्हणजे ‘वापरलेली मोटार’, हाच रोकडा शब्द लिहिण्याचा संभव अधिक. या शब्दाच्या मोहात म्युनिकची बीएमडब्ल्यू पडली. तिच्या जर्मन संकेतस्थळावर या शब्दाची खच्चून भरती केलेली पाने यंत्रासाठी ठेवली होती, आणि तेथे येणारे माणूस मात्र तत्काळ दुसऱ्याच, चित्रमय पानावर धाडले जाई. फेब्रुवारी 2006 मध्ये गूगलने ते स्थळ आपल्या दप्तरातून खारीज केले. ती पाने काढून टाकल्यावर काही दिवसांतच पुन्हा दाखल करून घेतले. इतक्या बड्या आसामीची इतकी झटपट हजेरी-गैरहजेरी पाहून अनेकांचे डोळे उघडले.

या दोहोंखेरीज स्थानिक दुकानांच्या बाबतीत शोधणाऱ्यापासूनचे अंतरही मोजले जाते, तेव्हा बर्लिनच्या एका पेठेत उभ्या असलेल्याला दिसणारा क्रम दुसऱ्या पेठेत तसाच दिसेल असे नाही. आपला क्रम दुकानात बसून आपल्याच फोनवर पाहणे म्हणजे स्वतःच्या लग्नात स्वतःच आहेर मोजणे होय.

आणि तरीही फिर्यादी अगदीच खोटा नसतो. लाइपत्सिग व वायमार येथील संशोधकांनी वस्तूंच्या परीक्षणांसंबंधीचे 7,392 शोध सुमारे वर्षभर तपासून 2024 साली जो निष्कर्ष मांडला तो असा, की वरच्या क्रमांकाची पाने सरासरीने यंत्राला रिझविण्यासाठी अधिक घडवलेली, विक्रीच्या दलालीवर अधिक जगणारी, आणि त्यांच्या मजकुरात हिणकसपणाची लक्षणे अधिक. तेव्हा वरचा तो सरस, हे म्हणणे जितके भाबडे, तितकेच वरचा तो लबाड, हेही उतावळेपणाचे. वाचकाने प्रतिस्पर्ध्याचे पान उघडून दोनच गोष्टी टिपाव्यात: गिऱ्हाइकाचा कोणता शब्द त्याने उचलला जो आपण टाळला, आणि कोणत्या पतवंताने त्याच्यासाठी सही केली.

प्रतिस्पर्धी खुद्द शोधयंत्राचा मालकच असला तर काय, याचा विचार पुढील आठवड्यात, बर्लिनच्या इडिआलो या किंमत-तुलना करणाऱ्या कंपनीच्या निमित्ताने करू. तूर्त एवढेच नमूद करतो, की आपली स्वतःची किंमत-तुलनेची सेवा वर दाखवून इतरांची खाली लोटल्याबद्दल युरोपीय आयोगाने 27 जून 2017 रोजी गूगलला 2.42 अब्ज युरोंचा दंड केला, आणि युरोपीय न्यायालयाने 10 सप्टेंबर 2024 रोजी तो कायम केला.