यांत्रिक खेचर कलंडते केव्हा?

अमेरिकेत टेक्सास, माँटॅना, वायोमिंग या राज्यांत गुरे पाळण्यासाठी राखलेली विस्तीर्ण माळराने आहेत. त्यांना 'रँच' म्हणतात. टेक्सासमधील किंग रँच १८५३ साली सुरू झाली. तिची जमीन सव्वातीन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक भरते. आपल्या गोवा राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, यावरून तिच्या विस्ताराची कल्पना यावी. सगळ्याच रँच एवढ्या मोठ्या नसतात. पण मध्यम रँचवरसुद्धा कुंपणाची तार तपासून येणे म्हणजे कित्येक किलोमीटरांची रपेट होते. वाटेत गुरांच्या पाण्याचे हौद पाहायचे, चाटण्यासाठी मिठाचे ठोकळे टाकायचे, मोडका खांब बदलायचा, नुकतेच जन्मलेले वासरू उचलून गोठ्यात आणायचे, अशी ही कामे.

पूर्वी हे सारे घोड्यावरून चाले. पण घोड्यावर खांब, तारेचे भेंडोळे आणि पाण्याची टाकी एकदम लादता येत नाही. आणि मोठा ट्रक ओल्या कुरणात रुततो. या दोहोंच्या मधली जागा एका बुटक्या, रुंद, उघड्या मोटारीने घेतली आहे. चालक आणि सोबती शेजारी शेजारी बसतात म्हणून तिला 'साइड-बाय-साइड' म्हणतात. मागे सामानाचा छोटा हौदा असतो. कावासाकी कंपनीने १९८८ साली आणलेल्या अशा गाडीचे नाव 'म्यूल', म्हणजे खेचर! नाव अगदी समर्पक आहे.

या खेचराचे टायर फुगीर आणि मऊ असतात. मोटारीच्या टायरात दर चौरस इंचाला ३० पौंडांच्या आसपास दाब ठेवतात. येथे १० ते १५ पौंड बहुधा पुरतात. दाब कमी, म्हणून टायर जमिनीवर अधिक पसरतो आणि वजन मोठ्या क्षेत्रफळावर वाटले जाते. उंटाच्या पायाचेच हे तत्त्व आहे. ओल्या कुरणात गाडी का रुतत नाही, याचे कोडे एवढ्यावरच सुटते. गाडी उलटते कशी, हा प्रश्न मात्र अधिक गहन आहे, आणि त्याच्याशी माणसांचे प्राण निगडित आहेत.

आधी तीनचाकीची गोष्ट सांगतो. १९७० नंतर अमेरिकेत तीन फुगीर चाकांच्या, घोड्यासारखे टांग टाकून बसायच्या गाड्या लोकप्रिय झाल्या. तीन चाके जमिनीला टेकतात ते बिंदू जोडले की त्रिकोण होतो आणि पुढच्या बाजूला तो निमुळता असतो. वळताना वेग कमी केला की भार पुढे सरकतो, म्हणजे नेमका अरुंद बाजूकडे. अपघात इतके झाले की १९८८ साली सरकारशी झालेल्या करारानुसार कंपन्यांनी तेथे नव्या तीनचाकींची विक्री थांबवली.

चार चाकांचा आयत त्यामानाने पुष्कळ बरा. गाडी आडव्या उतारावर उभी असताना तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा खालच्या चाकांच्या आत पडतो तोवर ती उभी राहते. चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले, की ज्या कोनावर गाडी कलंडेल त्याचे 'टॅन' मिळते. समजा, चाकांत १३० सेंटिमीटर अंतर आहे आणि दोन माणसांसह ८०० किलोग्रॅम भरणाऱ्या गाडीचा गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटर उंचीवर आहे. ६५ भागिले ६५ म्हणजे १. कोन ४५ अंश.

आता रँचवरचे रोजचे काम घ्या. तण मारण्याच्या औषधाची २०० लिटरची टाकी हौद्यात ठेवली. (टाकीचे स्वतःचे वजन सोडून देऊ.) टाकी एक मीटर रुंद, ५० सेंटिमीटर उंच, आणि तिचा मध्य जमिनीपासून १०५ सेंटिमीटरवर. टाकी काठोकाठ भरली तर साऱ्या गाडीचा गुरुत्वमध्य ७३ सेंटिमीटरवर चढतो आणि कोन सुमारे ४२ अंशांवर येतो.

फवारणी करता करता टाकी निम्मी झाली. भार निम्मा झाला म्हणजे धोकाही निम्मा झाला असे चालकाला वाटते. पण भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नव्हती, आता आहे. एवढ्या उतारावर ते पाणी खालच्या बाजूला धावते आणि त्याचा मध्य सुमारे २२ सेंटिमीटर सरकतो. गाडीचा गुरुत्वमध्य त्यामुळे जवळजवळ अडीच सेंटिमीटर उताराकडे जातो. हिशेब केला तर कोन पुन्हा ४२ अंशच येतो! शंभर किलो उतरवून पदरात काही पडले नाही. शिवाय पाणी डचमळते, तेव्हा त्याचा जो धक्का बसतो तो या हिशेबात धरलेलाच नाही. मोठ्या टँकरच्या आत भोके पाडलेल्या आडभिंती बसवतात त्या यासाठीच.

प्रत्यक्षात ४२ अंशांची वाट पाहावी लागत नाही. स्प्रिंगा दबतात, टायर चेपतात, वरचे चाक दगडावर चढते. त्यात वळण घेतले तर केंद्रोत्सारी प्रेरणा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकांत १५ अंशांहून अधिक चढ-उतारावर जाऊ नका असे बजावलेले असते. मला ही मर्यादा भित्रेपणाची नव्हे, हिशेबाची वाटते.

यामाहा कंपनीच्या 'रायनो' या गाडीच्या अपघातांत ४६ चालक-प्रवासी दगावल्याची नोंद अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने २००९ साली केली. तेव्हा ठरलेली दुरुस्ती पाहण्याजोगी आहे: मागच्या चाकांशी जाड चकत्या बसवून त्यांच्यातले अंतर वाढवले आणि मागच्या बाजूची झोल रोखणारी दांडी काढून टाकली. पहिल्या उपायाने आपल्या भागाकारातला अंश वाढला. दुसऱ्याने मागच्या टायरांची पकड सुधारली, म्हणजे गाडी चक्र फिरवले त्याहून अधिक वळेनाशी झाली.

घोड्यावरचा स्वार अंग झुकवून तोल सावरतो. येथे तो खुर्चीत बसलेला असतो. गाडी कलंडू लागली की हात किंवा पाय बाहेर टेकवण्याची बुद्धी होते, आणि तोच अवयव चिरडतो. म्हणून डोक्यावर पोलादी नळ्यांचा पिंजरा, कमरेला पट्टा आणि बाजूला जाळी असते. पट्टा न लावणारा जडत्वामुळे बाहेर फेकला जातो, आणि मग पिंजऱ्याखालीच सापडतो. ट्रॅक्टरला अशी संरक्षक चौकट स्वीडनने १९५९ सालीच सक्तीची केली. आपल्याकडे बिनचौकटीचे ट्रॅक्टर अजून सर्रास दिसतात.

हे सारे वर्गात तपासता येते. खेळण्यातल्या ट्रकवर झाकणाची प्लास्टिकची डबी घट्ट बांधा. ट्रक फळीवर आडवा ठेवा, तो घसरू नये म्हणून खालच्या चाकांपाशी पातळ पट्टी चिकटवा, आणि फळीची एक बाजू सावकाश उचला. ट्रक कलंडताच कोनमापकाने कोन मोजा. डबी रिकामी, पूर्ण भरलेली आणि निम्मी भरलेली असताना प्रत्येकी तीन वेळा मोजा. मग निम्मी भरलेली डबी सपाट ठेवून पाण्याचा बर्फ करा आणि पुन्हा मोजा. वजन तेवढेच आहे. मग कोन का बदलला?