कुंझुमला जाण्याआधी गाडीखाली शिरा

कोल्हापुरातून फोर बाय फोर गाडी घेऊन स्पिती किंवा लडाखला जाणारी मंडळी आता कमी नाहीत. सहलीचे ठरले की पहिली चर्चा बहुधा कॅरिअर, लोखंडी बंपर, विंच आणि जादा दिवे यांचीच होते. पण दूरच्या रस्त्यावर गाडी अडकते ती साध्या कारणांनी: एक्सलचा फाटलेला रबरी बूट, सैल बुश, जुनाट टायर, जळलेला क्लच आणि सगळ्यात जास्त म्हणजे अति वजन. म्हणून तयारीची सुरुवात दुकानातून न करता गाडीच्या खालून करावी. स्पितीची वाट समोर ठेवून हे काम टप्प्याटप्प्याने कसे करायचे ते पाहू.

आधी रस्ता, मग गाडी

कोल्हापूर ते मनाली किंवा सिमला हेच अंतर दोन हजार किलोमीटरच्या घरात जाते. म्हणजे खऱ्या डोंगराला हात लावण्याआधी गाडी दोन-तीन दिवस महामार्गावर सलग पळालेली असते, आणि परत येताना तेवढीच पळणार असते. तयारी या दोन्हींसाठी हवी. केवळ चिखलासाठी सजवलेली गाडी महामार्गावर त्रास देते.

स्पितीत शिरायला दोन वाटा आहेत. एक सिमल्याहून रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो करत काझाला जाते. ही वाट एरवी वर्षभर चालू असते. दुसरी मनालीहून अटल बोगदा, ग्रांफू, बातल आणि सुमारे ४,५५० मीटर उंचीचा कुंझुम घाट ओलांडून जाते. बर्फामुळे कुंझुम साधारण मे-अखेरीपासून जूनच्या दरम्यान उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास बंद होतो. शाळांच्या सुट्टीत, मे महिन्यात निघणाऱ्यांनी म्हणूनच सिमल्याच्या बाजूने जाण्याचा आणि त्याच वाटेने परतण्याचा बेत धरावा. कुंझुम उघडला तर बोनस.

इंधनाचा हिशेबही आधीच करावा. काझात पंप आहे. खाली रेकाँग पिओकडे आणि पलीकडे मनालीकडे अंतर साधारण दोनशे-दोनशे किलोमीटर. थारची टाकी ५७ लिटरची, जिम्नीची ४० लिटरची. वाईट रस्त्यावर लिटरला नऊ-दहा किलोमीटर धरले तरी स्पितीसाठी डबा लागत नाही. लेहचे गणित मात्र वेगळे आहे. लाहौलातल्या टांडीच्या पंपावरची पाटी पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगण्यासाठीच प्रसिद्ध झाली. तिथे ४० लिटरच्या टाकीला जादा इंधन हवेच. ते पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावे. पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच बाळगता येते आणि धातूचा एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा चालत नाही. प्लास्टिकच्या कॅनचा विचारही नको.

वजनाचा ताळेबंद

गाडीच्या पुस्तिकेत दोन आकडे शोधा: रिकाम्या गाडीचे वजन आणि माणसे-सामानासह चालणारे कमाल वजन. या दोन्हींतली वजाबाकी म्हणजे तुमची शिल्लक. जिम्नीसारख्या छोट्या गाडीत ती साडेतीनशे किलोच्या आसपास येते. चार माणसे सत्तर किलोची धरली तर २८० तिथेच संपले. उरलेल्या सत्तर किलोंत बॅगा, पाणी, हत्यारे, दोर आणि हवेचा पंप बसवायचा आहे. आता लोखंडी बंपरचे चाळीस, विंचचे तीस आणि कॅरिअरचे तीस-पस्तीस किलो लिहून पाहा. सामान चढवण्याआधीच खाते उणे होते.

जादा वजनाचा भार पाट्यांवर किंवा स्प्रिंगवर येतो, ब्रेक तापतात, टायरच्या कडा फाटतात, चढावर क्लच घासतो. तेच वजन टपावर गेले की गाडीचा तोल वर सरकतो. उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली वळणावर कशी झुकते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. टपावर ठेवायचेच तर हलके आणि फुगीर: झोपण्याच्या पिशव्या, तंबू, रिकामे डबे. पाणी, हत्यारे, इंधन असे जड सामान खाली, दोन्ही आसांच्या मधोमध आणि पट्ट्यांनी बांधलेले असावे. गाडी पूर्ण भरून, माणसांसह, एकदा वजनकाट्यावर चढवा. जिल्ह्यात काट्यांना तोटा नाही.

मिस्त्रीकडून काय करून घ्यायचे

निघण्याच्या सहा आठवडे आधी गाडी रॅम्पवर घ्या आणि स्वतःही खाली उभे राहा. इंजिन ऑइल बदलायला दहा हजार किलोमीटर व्हायची वाट पाहू नका. जाऊन-येऊन पाच-सहा हजार होणार आहेत, तेव्हा निघण्याआधीच बदला. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरेन्शियल यांची तेले वेगवेगळी असतात आणि शेवटच्या तिघांचा सर्व्हिसिंगमध्ये हमखास विसर पडतो. काढलेले तेल बोटांवर घेऊन पाहा. दुधट दिसले तर आत पाणी गेले आहे, चमचमते कण दिसले तर दाते झिजत आहेत.

त्यानंतर एक्सलचे रबरी बूट पाहा. बूट चिरला की ग्रीस बाहेर उडते, आत माती जाते आणि सांधा संपतो. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून पाहा आणि ग्रीसिंग करा. टाय रॉड, बॉल जॉइंट, सस्पेन्शनचे बुश, शॉक अब्सॉर्बरची गळती हे सगळे तपासायचे. एखाद्या जुन्या जीपचा बुश बाजारात मिळत नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर तो करून मिळू शकतो. ही सोय काझात नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे तेल २३० अंशांना उकळते, ओलावा मुरलेले १५५ अंशांनाच. लांब उतारावर ब्रेक तापले की जुन्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पायाखाली मऊ पडते. दोन वर्षांहून जुने तेल असेल तर बदला. कूलंट अर्धे-अर्धे मिसळलेले असावे. असे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. नुसत्या पाण्यावर चालणारी गाडी थंडीच्या एका रात्रीत ब्लॉक फोडून घेऊ शकते.

फोर बाय फोर नेमके काय करते

थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी यांतली यंत्रणा गरजेपुरती जोडण्याची आहे. टू हायमध्ये ताकद मागच्या चाकांना मिळते. फोर हायमध्ये ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्का जोडते. फोर लोमध्ये आणखी एक गिअर मध्ये येतो. वेग दोन-अडीच पट घटतो आणि चाकावरचा जोर तितकाच वाढतो.

वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा फेरा मारतात. दोन्ही शाफ्ट जोडलेले असतील तर हा फरक कुठेतरी सुटावा लागतो. मातीत किंवा बर्फात चाक किंचित घसरते आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, ताण शाफ्ट आणि दात्यांत साठत जातो, गाडी वळताना अडखळते आणि शेवटी काहीतरी तुटते. म्हणून कोरड्या डांबरावर टू हाय, हा नियम पाळायचा.

फोर बाय फोर म्हणजे चारही चाके नेहमी ओढतात असेही नाही. साध्या डिफरेन्शियलमध्ये ताकद सोप्या वाटेने जाते. एक चाक हवेत गेले की तेच फिरत बसते. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकदम उचलले गेले तर दोन्ही आस जोडलेले असूनही गाडी जागची हलत नाही. तुमच्या गाडीत डिफरेन्शियल लॉक आहे, की फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवणारी सोय आहे, हे पुस्तिकेत पाहून ठेवा. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी थांबण्याचे अंतर कमी होत नाही, हेही विसरू नये.

फोर लोचा खरा उपयोग उतारावर. पहिला किंवा दुसरा गिअर टाकला की इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक थंड राहतात. कित्येक गाड्यांत ट्रान्सफर केसचा दांडा वर्षानुवर्षे हललेला नसतो. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर तो टाकून थोडे चालवा, म्हणजे ऐनवेळी अडकणार नाही.

टायर आणि हवा

टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपलीकडचा टायर, नक्षी शाबूत असली तरी, अशा सहलीला नेऊ नये. स्पितीला ऑल टेरेन टायर पुरतात. चिखलाचे टायर महामार्गावर आवाज करतात, ओल्या डांबरावर कमी धरतात आणि इंधन खातात. स्टेपनीही त्याच मापाची आणि तितकीच चांगली हवी.

उंचीवर हवेचे काय होते? कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. कुंझुमवर बाहेरचा दाब पाचेक पीएसआयने कमी असतो, म्हणून मीटर तेवढा जास्त दाब दाखवतो. उलट, इथे ३५ अंशांत भरलेली हवा तिथल्या शून्य अंशांच्या पहाटेला आकसते आणि पाचेक पीएसआय उतरते. सकाळी दोन्ही परिणाम एकमेकांना जवळपास खोडतात. दुपारी उन्हात टायर तापला की मीटर चढतो. तेव्हा रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी, दाब तपासावा. वाळूत किंवा खोल चिखलात हवा १८-२० पर्यंत उतरवली तर टायर पसरून पकड वाढते, पण डांबरावर येताच ती परत भरावी लागते. हवा भरण्याचा छोटा पंप नसेल तर उतरवू नये.

उंची, थंडी आणि पाणी

कुंझुमवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर येते. साध्या पेट्रोल इंजिनची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. टर्बो बरेच भरून काढतो, पण कमी फेऱ्यांवर तोही उशिरा जागा होतो. अशा वेळी वळणावळणाच्या चढावर हाफ क्लच धरून रेटणे म्हणजे क्लच जाळणे. रस्ता कच्चा असेल तर सरळ फोर लो टाका.

साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होते. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले. नव्या डिझेल गाड्यांतले युरियाचे द्रावण उणे ११ अंशांना गोठते. त्याची टाकी भरून निघा आणि ते कुठे कुठे मिळते ते आधीच पाहून ठेवा.

ओढ्यांचे पाणी बर्फ वितळून येते. ते सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त असते, म्हणून ओढे लवकर ओलांडावेत. किती खोल पाण्यात गाडी चालते ते पुस्तिकेत दिलेले असते, आणि ते आकडे संथ पाण्याचे असतात. इंजिनात पाणी गेल्याचे नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही. इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतले आहे का ते तपासा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्मात्याच्या मूळ रचनेला धरूनच या कलमाचा अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड होऊ शकतो. लोखंडी गार्डांवर कारवाई करण्याचे केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवले आहे. पुढे लोखंड बसवले की एअरबॅगच्या सेन्सरची वेळही चुकू शकते. परदेशातून आणलेला उपग्रह फोन किंवा तसले संदेशयंत्र विनापरवाना बाळगणे हाही गुन्हा आहे.

बरोबर काय, आणि शेवटची चाचणी

पंक्चर किट आणि हवेचा पंप, जॅक आणि त्याखाली ठेवायला जाड फळी, फॅन बेल्ट, फ्यूज, डिझेल फिल्टर, होज पाइप, लिटरभर इंजिन ऑइल, कूलंट, एम-सील, वायर आणि पान्ह्यांचा संच एवढे पुरते. ओढण्यासाठी लवचीक दोर घ्या. तो चासीच्या हुकालाच बांधा, बंपरला कधीही नाही. ओढताना दोरावर जाड चादर टाका आणि माणसांना दूर उभे करा, कारण तुटलेला दोर जीव घेऊ शकतो. विंचपेक्षा बरोबर दुसरी गाडी असणे केव्हाही जास्त उपयोगी.

तीन आठवडे आधी गाडी पूर्ण भरून चाचणीला काढा. गगनबावडा, करूळ किंवा भुईबावडा घाटाने वैभववाडी, तिथून फोंडा घाटाने दाजीपूर, राधानगरी आणि परत कोल्हापूर असा फेरा एका दिवसात होतो. उतारावर ब्रेकचा वास येतो का, चढावर तापमानाचा काटा किती चढतो, टपावरचे काय सैल होते, हे त्यात कळते. जे निघेल ते दुरुस्त करा आणि शेवटच्या आठवड्यात गाडीवर नवे काम काढू नका.

फोर बाय फोरचा सराव मात्र रस्त्यावर किंवा परवानगी घेतलेल्या खासगी मातीवर करा. मसाई पठारासारख्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो आणि चाकांचे चरे वर्षानुवर्षे भरून येत नाहीत. राधानगरी अभयारण्यात रस्ता सोडून गाडी घालणे तर सरळ गुन्हा आहे. गाडी कुठेही जाऊ शकते म्हणून ती कुठेही नेऊ नका.