घाणा, भोंगा आणि शब्बाथ

हिब्रू पंचांगातील तिश्री महिन्याच्या तेविसाव्या दिवशी मुंबईच्या सिनेगॉगांतून ‘सिम्हाथ तोरा’ साजरा होतो. वर्षभर दर शब्बाथला थोडथोडा वाचीत आणलेला मोशेचा धर्मग्रंथ या दिवशी पूर्ण होतो आणि त्याच बैठकीत उत्पत्तीपासून पुन्हा आरंभिला जातो. धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या हृदयाशी धरून वाचनपीठाभोवती सात प्रदक्षिणा होतात. नाचगाणे होते. या आनंदाच्या पाठोपाठ येणाऱ्या चोविसाव्या तिथीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नहेम्याच्या ग्रंथानुसार तीच तिथी शपथेची आहे.

बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांसमोर एज्रा शास्त्र्याने लाकडी मंचावरून नियमशास्त्र वाचले. स्त्रीपुरुष सकाळपासून दुपारपर्यंत ऐकत होते. अर्थ कळावा म्हणून लेवी उलगडून सांगत होते. आपण काय विसरलो हे उमगताच लोकांना रडू कोसळले. पुढे मांडवांचा सण झाला आणि चोविसाव्या दिवशी गोणपाट नेसून, उपवास करून ते पुन्हा जमले. या वेळी करार लेखी झाला. त्यावर ८४ जणांच्या मुद्रा उमटल्या आणि उरलेल्या साऱ्यांनी बायकामुलांसह शपथ वाहिली. कराराची कलमे पाहावीत तर अगदी व्यवहारातली: शब्बाथच्या दिवशी माल विकत घ्यावयाचा नाही, सातव्या वर्षी ऋण माफ करावयाचे, मंदिरासाठी दरसाल शेकेलचा तिसरा हिस्सा द्यावयाचा. वेदीचे जळण कोणत्या घराण्याने केव्हा आणावे, याच्यासुद्धा चिठ्ठ्या टाकल्या गेल्या! तरीही काही काळ बाहेर राहून नहेम्या परतला तेव्हा शब्बाथच्या दिवशी लोक द्राक्षकुंडे तुडवीत होते. त्याला नगराच्या वेशी बंद कराव्या लागल्या.

द्राक्षकुंडाच्या या उल्लेखाने कोकणातला घाणा न आठवला तरच नवल. कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यापाशी ना ग्रंथ होता, ना शास्त्री. शब्बाथ, सुंता, खवले असलेलीच मासळी आणि ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना, एवढीच काय ती शिदोरी. परंतु ती एकट्यादुकट्याने नव्हे, साऱ्या जमातीने सांभाळली.

मुंबईत जमातीला सिनेगॉग मिळाले ते १७९६ मध्ये. कंपनीच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेले हे मंदिर ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाई. मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे मानणारे आहेत. ग्रंथ मराठीत हाती आला तो मिशनऱ्यांच्या द्वारे. गिरगावात शाळा व मिशन चालविणाऱ्या डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बहुतेक बेने इस्राएलांनी मात्र त्या विद्येचा उपयोग स्वतःच्याच धर्माकडे वळण्यासाठी केला. पुढे जोसेफ इझीकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले आणि एज्राच्या लेव्यांचे काम मुंबईत पुन्हा सुरू झाले.

खरी कसोटी लागली ती पोटापाण्याच्या बाबतीत. कोकणात घाणा घरचा होता. तो थांबविणे घरच्यांच्या हाती होते. परळ-लालबागच्या गिरणीचा भोंगा कोणाच्या हाती? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना साप्ताहिक सुटी मिळाली, ती रविवारची. कामगारांच्या दृष्टीने तो मोठाच विजय होता. बेने इस्राएल कारकुनाला, कामगाराला मात्र शनिवार आणि रोजी यांतून एक निवडणे भाग पडले. अनेकांनी रोजी निवडली. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण संध्याकाळी सिनेगॉगात येणाऱ्यांत तेही असत, हे विसरता कामा नये.

सात रस्त्यावर ‘तिफेरेथ इस्राएल’, आग्रीपाड्यात ‘मागेन हसिदीम’ अशी त्यांची सिनेगॉगे आजही उभी आहेत. १९४८ नंतर बहुसंख्य मंडळी इस्राएलला गेली. तिथे विवाहाच्या प्रश्नावरून काही धर्मगुरूंनी त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका काढली. पिढ्यान् पिढ्या शनिवारी घाणा थांबविणाऱ्यांना सत्याग्रह करावा लागला, तेव्हा कोठे १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले.

मुंबईत आता थोडीच कुटुंबे उरली आहेत. दहा प्रौढ पुरुष उपस्थित असल्यावाचून तोराचे सार्वजनिक वाचन होत नाही, असा दंडक आहे. काही सिनेगॉगांत एरवीच्या दिवशी हे दहाजण जमविणेही कठीण होते आणि आलेली मंडळी दाराकडे पाहत दहाव्याची वाट पाहतात.